वेबसाइट टेस्टिंगची सर्व्हिस आठ महिने वापरली: टूल ठीकठाक, सवय मात्र लागली

आधीच सांगते, कंपनीचं नाव देत नाहीये. तक्रारी बऱ्याच आहेत, त्यातल्या एकदोन आमच्याच गलथानपणामुळे पण असतील, उगाच कोणाचं नाव कशाला खराब करायचं. पण एबी टेस्टिंगचं (म्हणजे निम्म्या लोकांना जुनं पेज आणि निम्म्यांना नवं दाखवून कुठलं जास्त चालतं ते बघायचं) टूल अधिक टीमला शिकवायला एक कोच, असं पॅकेज घ्यायच्या विचारात कोणी असेल तर हे वाचा. सेल्सवाले डेमोत जे दाखवतात आणि प्रत्यक्षात जे होतं त्यात चांगलाच फरक आहे, आणि गंमत म्हणजे तो दोन्ही बाजूंनी आहे. ज्यासाठी घेतली ते फारसं मिळालं नाही, आणि जे मागितलंच नव्हतं ते मिळालं.

आमची साइट ऑनलाइन कोर्सेसची. पहिला धडा फुकट, त्यासाठी रजिस्ट्रेशन करायचं, आवडलं तर पुढे कोर्स घ्यायचा. आठवड्याला साधारण २६ हजार लोक येतात, त्यातले तीनेक टक्के रजिस्ट्रेशन करतात. टीम नऊ जणांची. आधी गूगल ऑप्टिमाइझ वापरायचो, फुकट होतं, मग गूगलने ते ३० सप्टेंबर २०२३ ला बंदच करून टाकलं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून खूप हळहळ व्यक्त केली. खरं सांगायचं तर वापरायचो म्हणजे काय, वर्षातून तीनदा बटणाचा रंग बदलून बघायचो आणि चौथ्या दिवशी कंटाळून बंद करायचो.

बाकी सगळे निर्णय मीटिंगमध्ये. होमपेजवर काय असावं हे जो सगळ्यात जास्त वेळ बोलेल त्याच्या मनासारखं व्हायचं, आणि सर बोलले की मीटिंग संपली. या प्रकाराला या धंद्यात हिप्पो म्हणतात, म्हणजे सगळ्यात जास्त पगार असलेल्या माणसाचं मत. हे मला कोचकडून कळलं आणि त्या दिवसापासून आमच्या ऑफिसात हिप्पो शब्द जपून वापरावा लागतो.

तर पॅकेजमध्ये होतं काय? टूल, सुरुवातीला दोन दिवसांचं ट्रेनिंग, आणि मग दर पंधरा दिवसांनी एक तास कोचबरोबर कॉल.

ट्रेनिंगचा पहिला दिवस वाया गेला, सरळ सांगते. मोठमोठ्या कंपन्यांच्या गोष्टी आणि दर तिसऱ्या स्लाइडवर 'चुका करा, लवकर करा' टाइप वाक्यं. बुकिंग डॉट कॉमवर एका वेळी हजारावर प्रयोग चालू असतात आणि तिथे कोणीही वरिष्ठांची परवानगी न घेता टेस्ट सुरू करू शकतो, हे ऐकून आमच्या डेव्हलपरने सरांकडे बघितलं, सरांनी मोबाइलकडे बघितलं. ऐकायला छान आहे हो, पण त्यांचं ट्रॅफिक आणि आमचं ट्रॅफिक यात समुद्र आणि बादली एवढा फरक. हे तिथे कोणी बोलेना, मग मीच विचारलं, आणि उत्तर मिळालं की उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी मात्र कोच मॅडम स्वतः आल्या, म्हणजे व्हिडिओवर, आणि तिथून पैसे वसूल व्हायला लागले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या तीन टक्क्यांमध्ये किती फरक पडला तर तुम्हाला कळायला हवा?" आम्ही म्हटलं, दहा टक्के सुधारणा, म्हणजे ३ चे ३.३ झाले तरी खूप. त्यांनी कागदावर हिशोब करून दाखवला, सूत्र साधंच होतं, सोळा गुणिले चढउतार (व्हेरियन्स, इथे ०.०३ गुणिले ०.९७) भागिले फरकाचा (०.००३) वर्ग, उत्तर आलं एका बाजूला जवळजवळ ५२ हजार माणसं. दोन बाजू म्हणजे एक लाख चार हजार. आठवड्याला २६ हजार. म्हणजे एका टेस्टला चार आठवडे, आणि चार म्हणजे चारच, साडेतीन नाही, कारण सोमवारी येणारी माणसं वेगळी आणि रविवारी येणारी वेगळी, आठवडे पूर्णच घ्यायचे. खोलीत एकदम शांतता. आम्ही इतकी वर्षं चार दिवसांत निकाल लावत होतो.

हा एक हिशोब सेल्सवाल्यांनी डेमोत केला असता तर कदाचित आम्ही सर्व्हिस घेतलीच नसती. मला वाटतं म्हणूनच केला नाही.

मग पहिली टेस्ट. मॅडमनी सांगितलं ए आणि बी दोन्हीकडे सेम पेज लावा, एक अक्षरही बदलू नका. याला एए टेस्ट म्हणतात. डिझायनर म्हणाला यासाठी आपण फी भरतोय का. आठवड्याने सरांचा मेसेज आला, "बी सहा टक्क्यांनी पुढे आहे, छान! बी मध्ये काय बदललं होतं?" ए ला ३८४ रजिस्ट्रेशन, बी ला ४०७. बदललं काहीच नव्हतं. तेच पेज, तोच फोटो, तेच बटण. सरांना हे सांगायला मी स्वतः केबिनमध्ये गेले, मेसेजवर नको म्हटलं. ते दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले आणि मग म्हणाले, "म्हणजे मागच्या वर्षी आपण तो हिरवा बॅनर..." हो सर. तोच. तो बॅनर असाच पाच टक्क्यांवर 'जिंकला' होता आणि अजून साइटवर आहे.

या एका टेस्टसाठी मी कोचला पाचपैकी पाच देते. दहा स्लाइड्स दाखवून जे डोक्यात गेलं नसतं ते त्या २३ रजिस्ट्रेशनच्या फरकाने गेलं.

आता टूलबद्दल. टूलची सगळ्यात मोठी खोड म्हणजे तो हिरवा बिल्ला. आकडे जरा इकडेतिकडे झाले की डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात 'विजेता' येतं, वर फटाके उडाल्यासारखं ॲनिमेशन. आमच्या पहिल्या खऱ्या टेस्टमध्ये, कोर्सच्या पेजवर शिक्षकाचा फोटो वर घेतला होता, तिसऱ्याच दिवशी बिल्ला आला. १६५ विरुद्ध २०३, तेवीस टक्के वाढ, ९५ टक्के खात्री. सरांनी स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला, तीस अंगठे आले, मार्केटिंगवाली तर म्हणाली आजच सगळीकडे लावून टाकू. मॅडमनी कॉलवर शांतपणे विचारलं, "चार आठवडे ठरले होते ना? मग तिसऱ्या दिवशी कोणी बघितलं?" सगळ्यांनीच बघितलं होतं. चार आठवड्यांनी शेवटचा आकडा: जुन्याला १,५६१, नव्याला १,५४८. तेवीस टक्के गेले कुठे? कुठेच नाही, नव्हतेच मुळात.

याचं कारण त्यांनी समजावलं ते असं. ९५ टक्के खात्री म्हणजे पाच टक्के चुकीची मुभा, आणि ती एकदाच बघण्यासाठी असते. अधूनमधून डोकावून 'जिंकला की थांबवू' असं केलं तर पाच वेळा डोकावल्यावर ती चूक १४ टक्क्यांवर जाते, दहा वेळा १९, वीस वेळा २५. हे संख्याशास्त्रवाल्यांना १९६९ पासून माहीत आहे, म्हणजे वेबसाइट नावाचा प्रकार जन्माला यायच्या आधीपासून. तरी २०२० नंतर बनलेलं टूल तिसऱ्या दिवशी फटाके उडवतं. चुकून होतं असं मला वाटत नाही, फटाके बघून माणूस रोज लॉगिन करतो ना. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं पण तीन मेनू आत लपवलंय, सपोर्टलाही दोन दिवस सापडलं नाही.

तसंच मेट्रिक्सचं. टूल एका टेस्टला वीसेक आकडे दाखवतं, स्क्रोल, क्लिक, वेळ, बाउन्स, काय काय. वीस आकडे बघितले आणि त्यांचा एकमेकांशी फार संबंध नसेल, तर काहीच फरक नसताना सुद्धा एखादा तरी 'सिग्निफिकंट' (म्हणजे नुसता योगायोग वाटू नये इतका मोठा) दिसायची शक्यता ६४ टक्के आहे, म्हणजे तीनातल्या जवळजवळ दोन टेस्टमध्ये कोणाला ना कोणाला मिरवायला एखादा आकडा मिळतो. आमच्याकडे मार्केटिंगवाली हे फार सफाईने करायची. "रजिस्ट्रेशन नाही वाढलं पण एंगेजमेंट बघा!" आता नियम आहे, कुठला आकडा बघणार ते टेस्टच्या आधी लिहायचं, एकच.

आणि आता जी मागितली नव्हती ती गोष्ट. टूलमध्ये टेस्ट सुरू करायच्या आधी एक रिकामा चौकोन येतो, 'तुमचा अंदाज काय आणि का'. आम्ही त्यात सुरुवातीला टिंब टाकून पुढे जायचो. मॅडमनी काय केलं, एक साधी शीट बनवली, त्यात प्रत्येकाने आपला अंदाज टाकायचा: वाढेल, घटेल, की काही फरक नाही. सरांनीसुद्धा. निकालाआधी. मग निकाल लागला की शीट सगळ्यांसमोर उघडायची.

आठ महिन्यांत १४ टेस्ट झाल्या, दोन दोन पेजवर एकाच वेळी चालवून. त्यातल्या ३ जिंकल्या, ४ हरल्या, ६ मध्ये काहीच फरक नाही, १ फेकून द्यावी लागली. उरलेल्या १३ मध्ये सरांचे अंदाज बरोबर आले ४. माझे ५, आणि मी बारा वर्षं हेच काम करतेय. तीनच पर्याय असताना डोळे मिटून बोट ठेवलं असतं तरी चार बरोबर आले असते. सगळ्यात जास्त ८ बरोबर आले ते सपोर्टला फोन घेणाऱ्या मुलाचे, ज्याला आम्ही यापूर्वी होमपेजच्या एकाही मीटिंगला बोलावलं नव्हतं.

त्याचीच गोष्ट सांगते. तिसऱ्या महिन्यात तो मला म्हणाला, "ताई, एक विचारू का, रागावणार नाही ना? लोक रोज फोन करून विचारतात, फुकट धड्यासाठी कार्डाचा नंबर द्यावा लागतो का. बटणाखाली तेवढं लिहून टाकलं तर?" मी म्हटलं अरे एवढंच ना, वर्षभर का नाही बोललास. तर म्हणे बोललो होतो, तुमच्याच मेलवर. शोधला, खरंच होता मेल, मी 'नोटेड' असं उत्तरही दिलं होतं. तर बटणाखाली बारीक अक्षरात एक ओळ, 'कार्ड लागत नाही'. डिझायनरचा अंदाज: काही फरक नाही. माझाही तोच. चार आठवड्यांनी १,५५५ विरुद्ध १,७७४. चौदा टक्के.

मॅडम खूष व्हायच्या ऐवजी संशयाने बघायला लागल्या. आकडा जितका डोळ्यात भरणारा तितकी कुठेतरी चूक असण्याची शक्यता जास्त, असा या क्षेत्रात एक नियमच आहे, ट्वायमनचा नियम म्हणतात. त्यांनी ट्रॅकिंग तपासायला लावलं आणि टेस्ट परत चालवायला लावली. दुसऱ्यांदा नऊ टक्के आले. नऊ तर नऊ, खरे तर आहेत.

तेव्हा त्यांनी बिंगची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्च इंजिनची गोष्ट सांगितली आणि पहिल्या दिवशीच्या गोष्टींपेक्षा ती मनाला जास्त लागली. मायक्रोसॉफ्टमध्ये २०१२ साली कोणीतरी सुचवलेलं होतं की सर्चमधल्या जाहिरातीचं शीर्षक जरा लांब करा, खालची ओळ वर जोडा. ती कल्पना सहा महिन्यांहून जास्त काळ यादीत तशीच पडून होती कारण कोणालाच त्यात दम वाटला नाही. शेवटी एका इंजिनिअरने बघितलं की काम थोड्याच दिवसांचं आहे, केलं आणि टेस्टला लावलं. उत्पन्न इतकं वाढलं की 'काहीतरी बिघडलंय' असा अलार्म वाजला. १२ टक्के वाढ, एकट्या अमेरिकेत वर्षाला दहा कोटी डॉलरच्या वर. आमचं ते 'नोटेड' मला अजून टोचतं.

आणि उलट बाजू पण त्याच बिंगची आहे. एकदा तिथे बगमुळे सर्चचे रिझल्ट अगदी वाईट यायला लागले, तर प्रत्येक माणसामागे सर्चची संख्या दहा टक्क्यांच्या वर वाढली आणि उत्पन्न तीस टक्क्यांच्या वर. कारण सोपं, काही सापडेना म्हणून लोक परत परत सर्च करत होते आणि जाहिरातींवर क्लिक करत होते. आकडे बघून नाचायचं असतं तर बगलाच प्रमोशन मिळालं असतं. आम्ही असाच माती खाल्लेला प्रकार म्हणजे तो उलट मोजणारा टायमर, 'फक्त १० मिनिटं बाकी'. रजिस्ट्रेशन वाढलं, खरंच वाढलं. पण पहिल्या धड्याला हजर राहणारे घटले. घाईत भरलेला फॉर्म माणूस घाईतच विसरतो. मी तर तो टायमर ठेवायच्याच बाजूची होते, कारण माझं टार्गेट रजिस्ट्रेशनवर होतं. ते पण आता बदललंय.

फेकून दिलेली टेस्ट ही टूलवरची माझी सगळ्यात मोठी तक्रार. नवीन पेज वेगळ्या पत्त्यावर होतं, टूल निम्म्या लोकांना तिकडे पाठवणार. २० हजार लोकांमध्ये वाटणी दिसली १०,६१० आणि ९,३९०. मला वाटलं असेल थोडं इकडेतिकडे. मॅडम म्हणाल्या, बंद करा, आत्ता. नाणं २० हजार वेळा उडवलं तर दहा हजारच्या दीडशे मागेपुढे ठीक आहे, सहाशे म्हणजे नाण्यातच खोट. शोधल्यावर कळलं की दुसऱ्या पेजवर ढकलायला वेळ लागत होता आणि जुन्या मोबाइलवाली माणसं मोजली जायच्या आधीच निघून जात होती. म्हणजे बी मध्ये फक्त चांगला फोन आणि चांगलं नेट असलेले उरले, साहजिकच बी चा टक्का मस्त दिसत होता. ही तपासणी टूलने आपणहून करायला हवी, गणित शाळकरी आहे. यांच्या टूलने त्यावरही 'विजेता' लावला होता.

बाकी तक्रारी भराभर सांगते. पेज उघडताना आधी जुनं दिसतं आणि मग डोळ्यासमोर नवं होतं, हा फ्लिकर मोबाइलवर फार जाणवतो, त्यांचा उपाय म्हणजे पेजच काही सेकंद पांढरं ठेवायचं, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी. व्हिज्युअल एडिटर (कोड न लिहिता माउसने पेज बदलायची सोय) डेमोत लोण्यासारखा चालतो आणि डेव्हलपरने कोडमधल्या एका क्लासचं, म्हणजे पेजच्या भागाला दिलेल्या लेबलचं, नाव बदललं की टेस्ट गपचूप मेलेली असते, कोणाला कळवत नाही. सफारी ब्राउझरमध्ये पेजवरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी (माणूस परत आला की ओळखायची खूण) सात दिवसांत जाते, हे ॲपलने २०१९ मध्ये केलं, म्हणजे दहाव्या दिवशी परत आलेला माणूस नवीन समजून दुसऱ्या बाजूला पडू शकतो, यावर त्यांच्याकडे सर्व्हरवरून कुकी ठेवायचा मार्ग आहे पण तो वरच्या प्लॅनमध्ये. बिल माणसांच्या संख्येवर आहे आणि त्यात बॉटही (आपोआप साइटवर फिरणारे प्रोग्रॅम) मोजले गेले होते, भांडल्यावर कमी केलं, पण भांडावं लागलं. रिपोर्टची पीडीएफ बघण्यासारखी नाही. चॅट सपोर्टवर पहिले दहा मिनिटं मदत पानांच्या लिंकाच येतात.

ट्रेनिंगमध्ये एक भाग होता ज्याची कोणाला अपेक्षा नव्हती, पाच माणसांना समोर बसवून साइट वापरायला द्यायची आणि आपण गप्प बसायचं. गप्प बसणं हाच सगळ्यात अवघड भाग आहे बरं का. याकोब नील्सन या वेबसाइट-वापराच्या तज्ज्ञाने २००० सालीच सांगून ठेवलंय की पाच माणसांत बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात, पण ऐकतो कोण. आमच्या पाचांतल्या दुसऱ्याच नंबरच्या बाईंनी मोबाइलवर फॉर्म भरला, शेवटचा रकाना भरला आणि थांबल्या. खाली बघतायत, वर बघतायत. मी मनात ओरडतेय की बटण दाबा ना. त्या म्हणाल्या, "झालं का? आता काय करू?" मी त्यांच्या बाजूला जाऊन बघितलं तर बटण कीबोर्डच्या मागे गेलेलं. त्यांच्या स्क्रीनवर बटणच नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या फोनला मोठी स्क्रीन, म्हणून इतके महिने दिसलंच नाही. डेव्हलपर शेजारी बसला होता, त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. याची एबी टेस्ट करायची का असं कोणीतरी विचारलं, मॅडम हसल्या, म्हणाल्या तुटलेली पायरी दुरुस्त करायला मतदान घेत नाहीत.

ज्यांचं ट्रॅफिक आमच्याही निम्मं किंवा कमी असेल त्यांनी टूल घ्यायच्या आधी हे पाच माणसांचं करा. मला वाटतं आमच्या आठ महिन्यांच्या कमाईतली निम्मी त्या एका दुपारी झाली, आणि त्याला टूलची गरजच नव्हती.

डिझायनरबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. त्याने दोन महिने खपून नवीन होमपेज केलं होतं, खरंच देखणं. टेस्टला लावलं, आठ टक्क्यांनी हरलं. आधीचे दिवस असते तर लागलंच असतं, सरांना आवडलं होतं, आणि आम्हाला कधी कळलंच नसतं की आपण दर महिन्याला शंभरावर रजिस्ट्रेशन घालवतोय. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. कॉलवर मॅडमनी त्याला ओबामांच्या २००८ च्या प्रचाराची गोष्ट सांगितली. तिथे साइन अपच्या पानासाठी चार बटणं आणि सहा फोटो-व्हिडिओ अशा २४ जोड्या तपासल्या होत्या. टीमचा सगळ्यात लाडका एक व्हिडिओ होता, टेस्ट नसती तर तोच लावला असता. सगळेच व्हिडिओ साध्या फोटोंपेक्षा मागे पडले. जिंकला कुटुंबाचा एक फोटो आणि 'आणखी जाणून घ्या' असं बटण, ८.२६ टक्क्यांवरून ११.६. तो ऐकून म्हणाला, "म्हणजे त्यांचं पण हरलं होतं." पुढच्या टेस्टला त्याने स्वतःच्याच डिझाइनसमोर शीटमध्ये 'घटेल' लिहिलं. आणि घटलं नाही, फरकच पडला नाही, तर त्याचा अंदाज पण चुकला, सगळे खूप हसले, तो पण. असं हसणं आमच्याकडे आधी नव्हतं. आधी चूक निघाली की कोणाची ते शोधायचो.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. मार्केटिंगवाली अजून म्हणते की चार आठवडे थांबण्यात सीझन निघून जातो, आणि ती पूर्ण चुकीची नाहीये, काही गोष्टी टेस्ट न करता कराव्याच लागतात. सेल्सची टीम शीट भरतच नाही. एक काळ असा आला की प्रत्येक गोष्टीला 'टेस्ट करू' म्हणून पुढे ढकलायला लागलो, एका स्पेलिंगच्या चुकीवर पण टेस्टचा प्रस्ताव आला होता. निर्णय घ्यायची भीती लपवायला टेस्टिंग फार सोयीचं पडतं. मॅडमनी त्यावर एक चाळणी दिली: निकाल काहीही आला तरी तुम्ही तेच करणार असाल तर टेस्ट करू नका. तेव्हापासून यादी निम्मी झाली.

रेटिंग द्यायचंच तर टूलला पाचपैकी अडीच, ट्रेनिंगच्या पहिल्या दिवसाला एक, कोचला साडेचार, अर्धा कापला कारण कॉल नेहमी दहा मिनिटं उशिरा सुरू व्हायचा. कोच बदलून मिळाला तर ही सर्व्हिस वेगळीच निघेल, सही करायच्या आधी तुमचा कोच कोण ते विचारा आणि त्याच्याशी बोला, सेल्सवाल्याशी नको. आणि डेमोत तुमचं ट्रॅफिक सांगून एका टेस्टला किती आठवडे लागतील एवढं एकच विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर समजा.

रिन्यूअलला आम्ही टूल खालच्या प्लॅनवर आणलं आणि कोचचा कॉल महिन्यातून एक केला. फटाके बंद केलेत. आत्ता फॉर्ममधला फोन नंबरचा रकाना काढायची टेस्ट चालू आहे, संपायला अकरा दिवस आहेत. मी 'वाढेल' लिहिलंय, सपोर्टच्या मुलाने 'काही फरक नाही' लिहिलंय त्यामुळे मला जरा धाकधूक आहे. डॅशबोर्डचा पासवर्ड मी बदलून ठेवलाय. काल सर टेबलापाशी येऊन म्हणाले, फक्त एकदा बघतो, थांबवणार नाही. मी म्हटलं सर, अकरा दिवस.